हवा जरा कमी कर!

मला मोटार चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. माझी छत्तीस वर्षे टपालखात्याच्या हिशेबात गेली. या छत्तीस वर्षांत माझ्या मालकीचे वाहन म्हणाल तर एक सायकल. तिच्या चाकातली हवा मी अंगठ्याने दाबून पाहत असे. अंगठा रुतला तर पंप मारायचा, नाही रुतला तर टांग मारायची! चाक या विषयातले माझे सारे ज्ञान त्या एका अंगठ्यात सामावलेले होते. पण सल्ला द्यायला ज्ञान लागते थोडेच? सल्ला द्यायला लागते वय, आणि समोर मुकाट्याने ऐकून घेणारा धाकटा माणूस. २०२४ सालच्या दिवाळीत या दोन्ही गोष्टी मला एकदमच लाभल्या, आणि मी सल्ला दिला. त्या सल्ल्याची ही हकीकत आहे.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे आमचे गाव. तिथल्या डोंगरावर त्वरितादेवीचे देऊळ आहे. त्वरिता म्हणजे हाकेसरशी धावून येणारी. आम्हा भावंडांपैकी दादा गावात राहिले आणि त्यांनी शेती केली. मी शिकून पुण्याला आलो आणि पत्रांतून त्यांना शेतीविषयी सल्ले दिले. दादांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, कर्ज काढून एक पिकअप घेतली. शहरातल्या मंडळींनी ही गाडी रस्त्यावर पाहिलेली असते, पण तिच्याकडे लक्ष कोण देतो? पुढे तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. गावात मात्र तिच्यावाचून पान हलत नाही. आज खताच्या गोण्या, उद्या मांडवाचे सामान, परवा ऊसतोडीला निघालेल्या एखाद्या कुटुंबाची भांडीकुंडी आणि शेळी. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा ही गाडी गेवराईच्या जिनिंगकडे खेपा घालते. पुतण्याचे हप्ते त्या खेपांवर चालतात.

आईने त्या वर्षी हट्टच धरला. “भाऊबीज झाली की देवीची ओटी भरायची. पुढच्या साली मी असेन-नसेन.” शहाऐंशी वर्षांच्या बाईपुढे कुणाचा युक्तिवाद चालणार? भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एस्टीने गेवराईला उतरलो. पुतण्या पिकअप घेऊन हजर होता. आजीला त्याने जवळजवळ उचलूनच केबिनमध्ये बसवले, पाठीशी गोधडी दिली, आणि आम्ही निघालो.

निघालो खरे, पण गाडी चालत नव्हती. उड्या मारत होती. बारीकसा खड्डा आला तरी मागचा हौदा धाडकन आपटे, आणि आई “आई गं!” म्हणून कमरेवर हात नेई. याचे कारण मला पुढे कळले. मालगाडीच्या मागच्या चाकांवर जे लोखंडी पाटे असतात ते माल पेलण्यासाठी घडवलेले असतात. वर हजार-बाराशे किलो वजन आले की ते वाकतात आणि धक्का पोटात घालतात. गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत. त्यात मागच्या टायरांत मालासाठी ठासून भरलेली हवा. म्हणजे रिकामी पिकअप ही दगडावरून नाचणारी दुसरी दगडच म्हणा ना! पण त्या क्षणी मला एवढेच दिसत होते की, माझी म्हातारी आई कण्हते आहे आणि माझा पुतण्या दात खाऊन गाडी हाकतो आहे.

“अरे, चाकात हवा किती भरली आहेस?” मी विचारले.

“मागं पासष्ट हाय, काका.”

“पासष्ट! माणसं बसली आहेत म्हटलं, पोती नाहीत. हवा जरा कमी कर!”

“काका, ती हवा मालासाठी हाय. उद्या सकाळी बारा क्विंटल कापूस भरायचाय.”

“मग उद्या पुन्हा भर! हवेला काय पैसे पडतात?”

पुतण्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आजीकडे पाहिले. त्याच्या घरात काकांना उलट उत्तर देण्याची रीत नाही. गावाच्या वाटेवर एका पंक्चरवाल्यापाशी त्याने गाडी उभी केली. किती कमी करू, असे त्याने विचारले तेव्हा मी खाली उतरून टायर अंगठ्याने दाबला! अंगठा अर्थातच रुतला नाही. “पस्तीस पुरे,” मी निकाल दिला. पस्तीस हा आकडा कोठून आला, हे मला आजही सांगता येणार नाही. हवा फुसफुसत बाहेर गेली आणि ती सगळी माझ्या छातीत भरली. कारण पुढे गाडी खरोखरच मऊ चालली. आई म्हणाली, “आता कसं बरं वाटतंय! तुला गाडीतलं कळतं हो!”

त्या संध्याकाळी देवीची ओटी भरली. आईला डोंगरावर नेऊन आणताना पुतण्याने माझ्या हाताचा आधारही तिला लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंगणात कापूस भरण्याची धांदल उडाली. हौद्याला उंच फळ्या लावून दोघे गडी आत उतरले आणि पायांनी कापूस तुडवू लागले. कापूस हा फसवा जिन्नस आहे. दिसायला ढग, पण भरत गेले की टनाच्या वर जातो. गाडी भरली तेव्हा साडेनऊ झाले होते. पुतण्या गावातल्या पंक्चरच्या दुकानाकडे जाऊन आला. वीज गेलेली होती, यंत्र बंद होते.

“लाइट आली की हवा भरतो, मग निघू,” तो म्हणाला.

आणि इथे मी दुसरा सल्ला दिला. एका दिवसात दोन सल्ले देऊ नयेत, असा आता माझा नियम आहे. मी म्हणालो, “काट्यावर रांग लागेल. एवढ्याशा अंतराला काय होतंय? गेवराईत पोचल्यावर भर.”

दादा पट्टी करून पैसे घ्यायला त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले. मी ओट्यावर बसून चहा घेतला.

फोन आला तेव्हा चहाचा कप अजून धुतलाही गेला नव्हता. मागचा डावा टायर फुटला होता. गाडी एका अंगाला कलली, रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीला धडकून थांबली. मी दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून तिथे पोचलो, तर बाभळीच्या काट्याकाट्याला कापूस लागला होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, बाभूळच फुलली आहे. पुतण्याच्या कपाळाला खोक पडली होती. दादांच्या खांद्याचे हाड मोडले होते. जरा अलीकडे, पुलावर, टायर फुटता तर काय झाले असते, हे कुणी बोलले नाही. सगळ्यांनी एकदा पुलाकडे पाहिले मात्र.

इस्पितळात खाटेवर दादा म्हणाले, “टायर म्हातारा झाला होता, माझ्यासारखाच.” पुतण्या काही बोलला नाही. हवेचे नाव त्या दिवशी घरात कुणीच काढले नाही. कुणी शिव्या घातल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

फाटलेला टायर अंगणात येऊन पडला. रात्री मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. वरच्या नक्षीला काही झाले नव्हते. फाटली होती ती बाजू, गोल कापल्यासारखी. आत हात घातला तर बोटांना काळी भुकटी लागली. सकाळी गावचा पंक्चरवाला आला, त्याने ती भुकटी पाहिली आणि विचारले, “कमी हवेवर चालवली का?” मी म्हणालो, “हो.” तो म्हणाला, “मग बरोबर हाय.” तेवढेच!

बरोबर कसे, ते समजून घ्यायला मला पुढचा आठवडा लागला. ओझे टायर उचलत नाही, टायरातली हवा उचलते. टायर ही नुसती त्या हवेची पिशवी. हवा कमी झाली की पिशवीचे पोट सुटते. चाक फिरताना ते पोट प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते. पिकअपचे चाक एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे घेते. लोखंडी तार तोडायला आपण ती वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो, तेव्हा ती बोटाला चटका देते ना? तेच टायरच्या बाजूच्या रबराचे होते. ते आतून तापते, झिजून त्याची भुकटी होते, धागे सुटतात आणि एखादा खड्डा निमित्ताला पुरतो.

हिशेबाचा माणूस मी. हिशेब केल्याशिवाय मला पटेना. मागच्या एका चाकावर सव्वानऊशे किलो ओझे धरा. पासष्ट हवा म्हणजे दर चौरस इंचाला पासष्ट पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेचार किलो. सव्वानऊशेला साडेचाराने भागले की दोनशेच्या आसपास चौरस सेंटिमीटर येतात. एवढाच टायर जमिनीला टेकलेला असतो, ढोबळ मानाने दीड पोस्टकार्डाएवढा! हवा पस्तीस केली की तेच ओझे पेलायला तीन पोस्टकार्डे लागतात. म्हणजे टायर तेवढा चेपून खाली बसतो. उभ्या आयुष्यात मी पोस्टकार्डांचा हिशेब ठेवला, पण हा एक ठेवायचा राहिला.

मग मी टायर वाचू लागलो. हसू नका, टायर हा वाचण्याचाच जिन्नस आहे. त्याच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, अगदी टपालाच्या शिक्क्यासारखे. आमच्या फुटक्या टायरवर ०९१९ असे होते. म्हणजे २०१९ सालचा नववा आठवडा. साडेपाच वर्षांचा टायर; दादा म्हणाले ते अगदीच खोटे नव्हते. पण पुऱ्या हवेवर तो त्या दिवशी गेवराईला पोचला असता, असे माझे मन मला सांगते, आणि मनाला खोटी साक्ष द्यायला मी शिकवलेले नाही.

त्याच्या शेजारी ‘प्लाय रेटिंग’चा आकडा असतो: सहा, आठ, दहा. परदेशात यालाच अक्षरे देतात. सहाला सी, आठला डी, दहाला ई. हा आकडा म्हणजे टायरच्या अंगातले पदर. आणि गंमत पाहा, हे पदर मुळात कापसाचे! जुन्या काळी टायरच्या रबरात सुती धाग्याचे थर घालीत आणि जितके थर जास्त तितका टायर दणकट. पुढे रेयॉन आले, नायलॉन आले, पॉलिएस्टर आणि पोलाद आले. आता आठ पदरी टायरात मोजून आठ थर नसतात. एक-दोनच असतात, पण ते जुन्या आठ सुती थरांच्या तोलाचे आहेत असे तो आकडा सांगतो. कापूस गेला, त्याचे माप राहिले. ज्या कापसाच्या ओझ्याखाली आमचा टायर फुटला, त्याच कापसाने एकेकाळी टायरची ताकद मोजली होती!

दादांचा हात गळ्यात होता आणि अंगणातला कापूस जिनिंगला जायचाच होता. पुतण्याने स्टेपनी लावली, पूर्ण हवा भरली आणि सावकाश गाडी नेली. या खेपेला मी बरोबर गेलो, पण तोंड मिटून. काट्यावर भरल्या गाडीचे वजन २,९०० किलो भरले. माझ्या सांगण्यावरून, नव्हे, माझ्या विनंतीवरून, पुतण्याने मागची चाके तेवढी काट्यावर उभी केली. १,८५० किलो! रिकाम्या गाडीचे वजन बरेचसे पुढे इंजिनापाशी असते, पण माल जवळजवळ सगळा मागच्या चाकांवर बसतो. म्हणजे एका मागच्या चाकावर ९२५.

ही चिठ्ठी खिशात घालून आम्ही गेवराईत टायर घ्यायला गेलो. दुकानदाराने एकाच मापाचे तीन टायर पुढे मांडले. पहिल्याची किंमत ऐकून पुतण्याचा चेहरा खुलला. मी चष्मा लावून बाजू वाचली. मापाच्या शेवटी जो आकडा असतो तो भाराचा अंक. कोणता अंक म्हणजे किती किलो, हे सगळ्या जगात ठरलेले आहे. पहिल्यावर १०० होते, म्हणजे एका टायरला ८०० किलो. तो आमच्या कामाचाच नव्हता. दुसऱ्यावर १०६, म्हणजे ९५० किलो. आमच्या ९२५ला हा पुरतो की!

“काका, हा बसतो हिशेबात,” पुतण्या म्हणाला.

“हिशेबात बसतो, रस्त्यावर बसेल का?” मी विचारले. पंचवीस किलो शिल्लक ठेवून कुणी संसार करतो का? माल कधी दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. वळणावर बाहेरच्या चाकावर ओझे वाढते, खड्ड्यात आणखी वाढते. तिसऱ्यावर ११०चा अंक होता: १,०६० किलो, आणि आठ पदरी. गाडीच्या पुस्तिकेत जेवढा भार सांगितला होता त्यापेक्षा तो वरचढ होता, कमी नव्हता. जोडीमागे काही हजारांचा फरक पडत होता. तो मी दिला. दिला म्हणतो, पण खरे तर तो दंड होता.

दुकानदार हुशार होता. म्हणाला, “आता बिनघोर दोन टन भरा!” पुतण्याने मान हलवली. “न्हाई. टायर दणकट झाला म्हणून मपली गाडी दोन टनाची होत न्हाई. पाटे तेच, ब्रेक तेच, पासिंगचा आकडा तोच.” मी थक्क झालो. हे ज्ञान त्याला आधीपासून होते. मीच ते कधी विचारले नव्हते.

घरी आल्यावर आम्ही गाडीची पुस्तिका शोधून काढली. ती आजवर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आली नव्हती. तिच्यात मागच्या चाकांसाठी हवेचे दोन आकडे छापलेले होते: भरल्या गाडीला पासष्ट आणि रिकामीला पंचेचाळीस. म्हणजे रिकाम्या गाडीची हवा कमी करा, हे माझे म्हणणे मुळात चुकीचे नव्हतेच! चुकले ते दोन ठिकाणी: किती कमी करावी हे मी मोजमापाला न विचारता अंगठ्याला विचारले, आणि माल चढल्यावर ती परत भरेपर्यंत धीर धरला नाही. रेडियल टायरचे पोट मुळातच जरासे सुटलेले दिसते. डोळ्याला आणि अंगठ्याला पस्तीस आणि पासष्टमधला फरक कळतच नाही. वर लिहिलेले आकडे आमच्या गाडीचे आहेत, हे लक्षात असू द्या. तुमच्या गाडीचे तिच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर सापडतील. आणि टायरच्या अंगावर छापलेला हवेचा आकडा हा बहुधा कमाल असतो. तो ओलांडायचा नाही. जास्त हवा भरून टायरची कुवत वाढत नाही; मधली नक्षी तेवढी लवकर झिजते.

या वर्षी दिवाळीला तलवाड्याला जाताना मी मिठाईचा पुडा नेला नाही. हवा मोजण्याचे एक घड्याळ नेले आणि पायाने मारायचा एक दणकट पंप नेला, विजेवाचून चालणारा. पुतण्या ते घड्याळ पहाटे, गाडी जागची हलण्यापूर्वी लावतो. चालून तापलेल्या टायरात हवेचा आकडा चार-सहा पौंडांनी चढतो. तो चढलेला आकडा पाहून एकदा मी “अरे, जास्त झाली, सोड थोडी,” असे म्हणणार होतो. शब्द ओठापर्यंत आले होते. ते गिळले, आणि त्याला विचारले, “ही अशीच ठेवायची का रे?” तो म्हणाला, “होय काका. आता सोडली तर गार झाल्यावर कमी पडंल.” विचारल्याने माणूस लहान होत नाही, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळले.

दादांचा खांदा जुळला आहे, पण डावा हात डोक्याच्या वर जात नाही. पागोटे बांधताना वहिनी मदत करतात. भाऊबिजेच्या रात्री अंगणात आम्ही दोघेच होतो. वर्षभर छातीत कोंडलेली हवा मी सोडली. म्हणालो, “दादा, त्या दिवशी हवा कमी करायला मीच सांगितलं होतं. आणि न भरता निघा, हेही मीच.”

दादा शांतपणे सुपारी कातरत होते. “दुसरं मी अंगणातच ऐकलं होतं. पहिलं पोरानं त्याच दिवशी सांगितलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“आईला घरापर्यंत सुखानं आणलंस. ते कसं मोडून काढायचं?” ते म्हणाले, आणि सुपारीची खांड माझ्या हातावर ठेवली.

आई या वर्षीही ओटी भरायला आली होती. असेन-नसेन म्हणणारी माणसे हटकून असतात, देवीची कृपा! तिला आणताना पुतण्याने मागे पंचेचाळीस हवा ठेवली होती आणि चाकांच्या वर, हौद्यात, ज्वारीची चार पोती टाकली होती, पाटे जरा वाकावेत म्हणून. गाडी बैलगाडीसारखी डुलत आली. दारात उतरताना आई दादांना कौतुकाने म्हणाली, “या खेपेलाही अंग दुखलं नाही बघ. धाकट्याला गाडीतलं फार कळतं!”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मग ते पाठमोरे वळले आणि उजव्या हाताने पोती उतरवून घ्यायला लागले.